बुधवारचा झाडू

पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलीय, असं आई माझ्याबद्दल सगळ्यांना सांगायची, आणि त्यात कौतुकाचा भाग कमीच असायचा. अंबरनाथ पश्चिमेला चाळीच्या टोकाला आमच्या दोन खोल्या होत्या. त्या दोन खोल्यांत मी दिवसभर इतक्या येरझारा घालायचे की बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणत, "बस की गं घटकाभर. फरशी झिजेल." बाबा फॅक्टरीत टर्नर होते. सकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला की अख्खी चाळ एकदम हलायची. नळावर बादल्या आपटायच्या, स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा, आणि आमच्या दारात आईचा झाडू सुरू व्हायचा. आधी आतली खोली, मग बाहेरची, मग गॅलरी, शेवटी जिन्यापर्यंतचा तुकडा. सपासप, एका लयीत. त्या आवाजानेच मला जाग यायची आणि त्याच आवाजाचा मला रागही यायचा, कारण आजचा दिवस कालच्यासारखाच जाणार हे तो आधीच सांगून टाकायचा. झाडून झालं की आई हात धुऊन बाबांचा डबा भरायची. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, सुकटीची चटणी, आणि बोंबील मिळाले असतील तर त्यांचं कालवण वेगळ्या डब्यात.

मी कॉलेजला उल्हासनगरला जायचे. तिथल्या फलकावर एके दिवशी एक कागद लागला. डेन्मार्क नावाच्या देशातल्या एका निवासी शाळेत सहा महिने राहायला दोन मुली हव्या होत्या. येण्याजाण्यासकट सगळं तेच बघणार होते. डेन्मार्क कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. पण ते अंबरनाथ नाही एवढं नक्की होतं, आणि तेवढ्यावर मी अर्ज भरला. मुलाखतीत विचारलं, का जायचंय? मी खरं ते सांगून टाकलं की मला एका जागी बसवत नाही. मुलाखत घेणाऱ्या तीन बाया हसल्या आणि मी निवडले गेले. दुसरी मुलगी निवडली गेली ती जया. तिच्या वडिलांचं उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये कापडाचं दुकान होतं. ती घरी सिंधी, बाजारात हिंदी आणि माझ्याशी हिंदीत बुडवलेलं मराठी बोलायची. तिची आई मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने काही न विचारता ताटात कोकी वाढली, कांदा घातलेली जाड खरपूस पोळी, आणि वर पापड ठेवून म्हणाली, "खा, वहाँ क्या मिलेगा!"

बाबांनी परवानगी लगेच दिली, याचं मला अजून नवल वाटतं. आईला मात्र ते पटलं नव्हतं, पण बाबांनी माझ्या धाकट्या भावाची, राजूची, नकाशाची वही काढून तिला डेन्मार्क दाखवला आणि म्हणाले, "एवढासा तर देश आहे. हरवणार कुठे?" निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. म्हणाले, "एकच गोष्ट सांगतो. कुणाच्याही दारात झाडू हातात घ्यायचा नाही. कोण काय म्हणेल ते म्हणू दे. उपाशी राहा, परत ये, मी बोलणार नाही. पण झाडू नाही." मी हो म्हणाले. कारण विचारायची गरज नव्हती. माझी आजी, म्हणजे त्यांची आई, तिच्या गावात चावडी झाडायची, पाटलाचं अंगण झाडायची, देवळापुढचं आवार झाडायची. देवळाच्या पायरीला मात्र तिचा पाय लागलेला चालत नसे. पायरीपर्यंत झाडत जायचं आणि तिथून मागे फिरायचं. दीक्षा घेतली त्या वर्षी तिने खराटा चुलीत घातला आणि मुलाला घेऊन अंबरनाथला आली. बाबांनी ही गोष्ट मला जन्मात एकदाच सांगितली होती, तीही अर्धी. उरलेली आईने सांगितली.

डेन्मार्कमधल्या त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मला ते अजूनही नीट म्हणता येत नाही. तिथले लोक ते घशात कुठेतरी अर्धवट गिळतात. गाव एवढंसं होतं. एक तळं, एक मोठा रस्ता, आणि जुन्या काळच्या ख्रिस्ती साधूंचा मठ. मठात आता साधू नव्हते. त्यांचं विटांचं लाल, उंच चर्च मात्र होतं, आणि त्याला लागून शेकडो वर्षं चाललेली एक शाळा, जिथे मोठ्या घरची मुलं शिकत. आमची निवासी शाळा तिच्या शेजारीच, तळ्याच्या अलीकडे. आमच्याकडे परीक्षा नव्हती, गुण नव्हते, की वेळापत्रकात कसला धाक नव्हता. सकाळी सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायचं, मग इतिहास, विणकाम, चर्चा, जे आवडेल ते. वीस देशांतली मुलंमुली होती. आणि सगळीकडे शांतता. मी अंबरनाथला ज्या गोंगाटाला वैतागले होते, तो गेल्यावर मला काय करावं ते कळेना. कुणी ओरडत नाही, कुणी भांडत नाही, चारलाच अंधारून येतं. मी तळ्याला फेऱ्या मारायला लागले. सकाळी एक, दुपारी एक, वर्ग कंटाळवाणा झाला की मधूनच एक. तळ्यावरची बदकंसुद्धा मला ओळखू लागली असतील. जेवायला काळा आंबूस पाव, त्यावर गार मासळी, आणि शनिवारी दुधातला भात, वर दालचिनी आणि लोण्याचा गोळा. जया तो भात बघून म्हणाली, "ये तो बीमार का खाना है." मग आम्ही दोघी खोलीत दार लावून तिच्या आईने दिलेले पापड खोलीतल्या हीटरवर भाजायचो. भाजायचे काय, नुसते कोमट व्हायचे, तरी खायचो.

पंधरा दिवस झाल्यावर एका सोमवारी जेवणघराबाहेर यादी लागली. डॅनिश भाषेत होती. मला तिच्यात माझं नाव दिसलं, त्यापुढे बुधवार, आणि चर्चसाठीचा शब्द, जो तोवर मला ओळखता यायला लागला होता. शेजारी उभ्या असलेल्या एका डॅनिश मुलीला विचारलं, हे काय आहे? तिला इंग्रजी नीट येत नसे. तिने दोन्ही हातांनी झाडल्याची खूण करून दाखवली, माझ्याकडे बोट केलं आणि छान हसली.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. बाकी यादी मी वाचलीच नाही. एकच गोष्ट डोक्यात आली, की यांना कळलं. चार हजार मैलांवर आले, विमानात बसून आले, तरी झाडू माझ्याआधी पोचला. आणि कुणी सांगितलं तेही मला लगेच कळलं. दोनच दिवसांपूर्वी कॉफीच्या वेळी कुणीतरी आम्हाला धर्म विचारला होता आणि जयाने माझ्या वतीने सांगून टाकलं होतं, "शी इज बुद्धिस्ट." तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आता त्या वाक्याच्या पुढे तिने मागाहून आणखी काय काय सांगितलं असेल ते सगळं मला स्पष्ट ऐकू यायला लागलं. मी तडक खोलीत गेले, तिच्या पापडांचा पुडा उचलून तिच्या पलंगावर ठेवला आणि म्हणाले, "आजपासून तुझं माझं बोलणं बंद."

"अरे, पण झालं काय?"

"तुला माहितीय काय झालं ते."

"मेरे को सच्ची नाही माहित. बोल ना यार."

मी बूट घालून बाहेर पडले. मंगळवारभर मी कुणाशीच बोलले नाही. तळ्याला किती फेऱ्या मारल्या ते आठवत नाही, पण डाव्या बुटाची टाचेची शिवण उसवली होती हे आठवतं. परत जायचं ठरवत होते आणि परत जाणार कशी हे कळत नव्हतं. तिकीट शाळेकडे होतं. बाबांना कळवायचं तर काय कळवायचं? की तुम्ही बरोबर होतात, सगळी दुनिया सारखीच आहे? ते वाक्य मला लिहायचं नव्हतं. बाबांनी मला ते खोटं ठरवायलाच तर पाठवलं होतं.

बुधवारी सकाळी मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि पांघरूण घेऊन पडले. आमची खोली वरच्या मजल्यावर होती, खिडकीतून चर्चचं आवार दिसायचं. पानगळ चालू होती. थोड्या वेळाने खालून आवाज आला, आमच्या गॅलरीतल्यापेक्षा संथ, पण तोच. मी उठून पाहिलं. शाळेचे मुख्याध्यापक, साठीचे, उंच, टक्कल पडलेले, लांब दांड्याचा खराटा घेऊन माझ्या वाटणीची पानं झाडत होते. तिथे सगळे त्यांना नुसतं पौल म्हणत. मला ते जमायचं नाही, मी पौलसर म्हणायचे आणि त्यावर मुलं हसायची. आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना मी कधी खुर्चीतून उठलेलं पाहिलं नव्हतं. मी खिडकीशी उभी राहून आवार पुरं होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले. दुखणं विसरलेच.

दुपारी ते दारावर टकटक करून आले. हातात वीतभर लांब लोखंडी किल्ली होती. म्हणाले, "आवार मी केलं. जो येऊ शकत नाही त्याचं काम माझ्याकडे येतं, असा नियम आहे. आतलं राहिलंय, ते बरं वाटलं की कर. ज्याच्याकडे झाडू, त्याच्याकडे आठवडाभर चर्चची किल्ली." आणि किल्ली टेबलावर ठेवली. मी रडायलाच लागले. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. आजी, चावडी, देवळाची पायरी, चुलीत घातलेला खराटा, बाबांना दिलेला शब्द. जयावरचा संशयही सांगितला. त्यांना पुष्कळसं कळलं नाही. एकच गोष्ट त्यांनी तीनतीनदा विचारली, की पायरीपर्यंत झाडायचं आणि मग काय? मग मागे फिरायचं, मी म्हणाले. ते जाऊन ती यादीच काढून घेऊन आले. सोमवारी संडास: पौल. शुक्रवारी संडास: जया. भांडी, लाकडं, जिना, सगळ्यांची नावं होती, शिकवणाऱ्यांचीही. दर सोमवारी नावं पुढे सरकायची. मी एका ओळीवरून सगळं जग ठरवून मोकळी झाले होते.

"तुझे वडील चुकले असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "ज्याला दुसरं काही करूच दिलं नाही, त्याने झाडू फेकलाच पाहिजे. किल्ली राहू दे तुझ्याकडे. नाही झाडलंस तर मी झाडेन, मला सवय आहे." ते दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. "एक विचारू? तुमच्या घरी कोण झाडतं?"

"आई," मी म्हणाले.

"रोज?"

"रोज."

"आणि वडील?"

मला हसू आलं, इतका तो प्रश्न अशक्य होता. आणि मग ते हसू तसंच राहून गेलं. पौलसरांनी मान हलवली आणि ते जिना उतरून गेले. टोमणा मारायचा त्यांचा मुळीच हेतू नव्हता. पण एखादं कुसळ बोटात जावं तसा तो प्रश्न गेला आणि निघेना.

जयाची माफी मागणं सगळ्यांत अवघड गेलं. मी सगळं सांगितल्यावर ती भडकली. "तुझ्या जातीचं मी काय लोणचं घालू? मेरे को संडास दिया है, संडास! घरी कळलं तर मम्मी बेहोश होईल. आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीस!" जरा वेळाने शांत झाली आणि म्हणाली, "फाळणीत आमचे सगळे सिंध सोडून आले ना, तेव्हा आजोबांनी इथे कॅम्पात दुसऱ्यांची पोती उचलली. आमच्या घरी पण ते कोणी बोलत नाही." मग तिने पापडांचा पुडा परत माझ्या पलंगावर टाकला.

शनिवारी सकाळी मी ती किल्ली घेऊन एकटी चर्चला गेले. कुणी सांगितलं म्हणून नाही. तीन दिवस ती किल्ली टेबलावर पडली होती आणि मला तिच्याकडे बघून चैन पडेना. दार जड होतं, खांद्याने ढकलावं लागलं. आत कुणी नव्हतं. मी सवयीने बूट काढले आणि फरशी बर्फासारखी गार लागली. खाली बघितलं तर फरशीभर कोरीव दगड, प्रत्येकावर माणसाची आकृती. मेलेल्या धर्मगुरूंच्या आणि सरदारांच्या कबरी होत्या त्या. माणसं त्यांच्यावरूनच चालतात, मीही चालले. कोपऱ्यात लांब दांड्याचा ब्रश होता. तो हातात घेतल्यावर पहिल्यांदा काय जाणवलं, तर वाकावं लागत नाही. आजीची पाठ शेवटी शेवटी सरळ होत नसे. एवढ्याशा दांड्याची गोष्ट होती. मी दारापासून सुरुवात केली. बाकांच्या रांगा, खांबांच्या मागे, बुटांबरोबर आत आलेली पानं, माती. पुढे पुढे सरकत पायऱ्यांशी आले, तीन पायऱ्या, वर वेदी. तिथे मी थांबले. आपोआपच थांबले, पाय उचलेना. मग पायऱ्या झाडल्या, पहिली, दुसरी, तिसरी, आणि वर जाऊन वेदीच्या मागचा कोपरासुद्धा झाडला. मला देवाचं काही पडलेलं नव्हतं, आजही नाही. पण मी तिथे वरच्या पायरीवर बसून मोठ्याने रडले, आणि ते दुःखाचं होतं की कसलं हे मला अजून सांगता येत नाही. मग दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या खिशात टाकली.

पुढे मी शिक्षिका झाले, मग मुख्याध्यापिका. माझ्या शाळेत मी तशी यादी लावायचा प्रयत्न केला, पहिलं नाव माझं घालून. तिसऱ्या दिवशी पालक आले, आमच्या मुलांना काय झाडू मारायला पाठवतो का म्हणून. त्यांत बाबांसारखे पालक होते, ज्यांचा राग मला शब्दन् शब्द कळत होता, आणि असेही होते ज्यांच्या सात पिढ्यांनी झाडू उचलला नव्हता. दोघं एकाच बाकावर बसून एकच वाक्य बोलत होते. यादी काढावी लागली. आता कुळगावात मी एकटी राहते, गुडघे बोलतात, तरी घर मीच झाडते, लांब दांड्याने.

चर्च झाडलं त्याच शनिवारी मी बाबांना पत्र लिहिलं. लपवता आलं असतं. पण शब्द त्यांना दिला होता आणि मोडला होता, तर तो मोडल्याचंही त्यांनाच सांगायला हवं होतं. यादी जशीच्या तशी उतरवून काढली, पौलसरांच्या नावासकट. किल्लीचं लिहिलं. पायऱ्यांचं लिहिलं. आणि शेवटी, बराच वेळ पेन हातात धरून, पौलसरांनी दारात विचारलेला प्रश्नही लिहिला, आणि मी त्याला दिलेलं उत्तरही. पत्र टाकल्यावर मला पेटीत हात घालून ते परत काढावंसं वाटलं.

बाबांचं पत्र दर पंधरवड्याला न चुकता यायचं, निळ्या कागदावर, टर्नरच्या मापातल्या सरळ अक्षरात. ते बंद झालं. राजूची पत्रं यायची, आईचे निरोप यायचे, मासळी महागलीय, गॅलरीचा कठडा रंगवला. बाबांबद्दल एक ओळ नाही. मी राजूला खोदून विचारलं तर त्याने लिहिलं, बाबा ठीक आहेत. तळ्यावर बर्फ धरलं आणि वितळलं. माझ्या फेऱ्या चालूच. दोनदा आणखी पाळीने चर्च माझ्याकडे आलं, मी झाडलं, आणि दर वेळी मनात हेच, की आपण बापाला दुखवलं. नुसता शब्द मोडला असता तर त्यांनी सोसलं असतं. वर आईबद्दलचा प्रश्न लिहून पाठवायची काय गरज होती, असं मी स्वतःला रोज विचारायचे.

परत आले तो मंगळवार होता. विमानतळावर बाबा आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. माझी बॅग घेतली, "वाळलीस," म्हणाले. अंबरनाथपर्यंत त्यांनी तिथली थंडी विचारली, पाव विचारला, जयाच्या घरच्यांचं विचारलं. पत्राचं अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. आईने बोंबलाचं कालवण केलं होतं, मी चार भाकऱ्या खाल्ल्या, चाळ बघायला लोटली, आणि मी हसत होते, पण नजर सारखी बाबांकडे जात होती. ते अजून रागावलेत, हे मी धरूनच चालले.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधीच मला जाग आली. झाडूचा आवाज येत होता, पण काहीतरी चुकत होतं. लय नव्हती. दोनदा सपसप, मग थांबणं, मग एकदम लांबलचक फराटा. आईला बरं नाही की काय, म्हणून मी उठून बसले. आई समोरच होती. उंबऱ्यावर बसली होती, हातात चहाचा कप होता, आणि दुसरा हात कुठे ठेवावा ते न कळल्यासारखा तिने मांडीवर पालथा ठेवला होता. तिच्या पलीकडे गॅलरीत बाबा बनियन-लेंग्यावर वाकून झाडत होते. शेजारचे काका नळावर जाताना थबकले, तर बाबांनी त्यांना म्हटलं, "जरा पाय उचला." माझ्या डोक्याशी कॅलेंडरच्या खिळ्याला एक निळा कागद लटकवलेला होता. पट्टीने ओढलेल्या रेघा, सरळ अक्षर. वार आणि नावं. आईच्या नावापुढे तीन वार, राजूच्या नावापुढे दोन. माझं नाव होतं, त्यापुढचा वार मी येईपर्यंत रिकामा ठेवलेला. बुधवारपुढे त्यांचं स्वतःचं.

राजू पांघरुणातून कुजबुजला, "तुझं पत्र आलं ना, तेव्हापासून. पहिल्या बुधवारी चाळीतली सगळी बघायला आलेली."

बाबांनी मला उठलेली पाहिलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि त्यांनी नजर झाडूकडे वळवली. "वार आहे आज माझा," ते म्हणाले, जणू मी काही विचारलं होतं.

आई चहाचा घोट घेत म्हणाली, "अहो, तो जिन्याजवळचा कोपरा राहिला बघा. दर बुधवारी राहतो तुमचा."

बाबा मागे फिरले आणि पुन्हा वाकले. मी अंथरुणात बसून तो बेसूर आवाज ऐकत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुठेही जावंसं वाटलं नाही.